जॉर्ज ओल्त्रामार : चव्हाट्यावरचा एक संपादक

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दोन महायुद्धांच्या दरम्यानचा युरोप हा यंदाच्या व्याख्यानमालेचा विषय आहे. मुसोलिनी, हिटलर, स्टॅलिन ही मोठी नावे आधीच्या वक्त्यांच्या वाट्याला गेली. मी मागून घेतलेले नाव या सभागृहातील बहुतेकांनी ऐकलेले नसेल. ते नाव आहे जॉर्ज ओल्त्रामार. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरातला हा नाटककार, पत्रकार, संपादक, वक्ता आणि एका कडव्या उजव्या पक्षाचा पुढारी. त्याला राज्य कधी मिळाले नाही. त्याच्यापाशी सैन्य नव्हते, गुप्त पोलीस नव्हते, छळछावण्या नव्हत्या. होते ते एक छोटेसे नियतकालिक आणि विलक्षण धारदार जीभ. माझे आयुष्य वृत्तपत्राच्या कचेरीत गेले असल्यामुळे मला हुकूमशहांच्या चरित्रापेक्षा हे चरित्र अधिक जवळचे, आणि खरे सांगायचे तर अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

जिनिव्हा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर श्यामजी कृष्ण वर्मा येतात. १९१४ साली पॅरिस सोडून ते जिनिव्हाला आले आणि ३० मार्च १९३० रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्या अस्थी २००३ साली कच्छमधील मांडवीला, त्यांच्या जन्मभूमीत आणल्या गेल्या, हे आपणांस ठाऊकच आहे. श्यामजींच्या अखेरच्या वर्षांत ते शहर कसे होते? सरोवराकाठचे, घड्याळांचे आणि पेढ्यांचे हे नगर राष्ट्रसंघाची राजधानी बनले होते. १९२९ साली राष्ट्रसंघाच्या नव्या प्रासादाची कोनशिला बसली. डिसेंबर १९३१ मध्ये रोमां रोलां यांच्या भेटीसाठी आलेल्या गांधीजींचे भाषण येथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, जगभरच्या राष्ट्रांची निःशस्त्रीकरण परिषद याच गावात भरली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, शांततेचे माहेरघर ते हेच.

आतून मात्र शहर पेटत होते. जागतिक मंदीने घड्याळांचा धंदा बसला, बेकारी वाढली. १९३१ साली 'बँक द जनेव्ह' ही शासनाशी लागेबांधे असलेली बँक बुडाली आणि ठेवीदार देशोधडीला लागले. या प्रकरणावर 'ल त्राव्हाय', म्हणजे 'श्रम', नावाच्या समाजवादी दैनिकातून कोरडे ओढले जात होते. त्याचा संपादक लिऑन निकोल हा पूर्वी टपालखात्यात नोकरी केलेला जहाल पुढारी होता. सभ्य उजव्या पक्षांची तोंडे या घोटाळ्यामुळे बंद झाली होती. त्यांच्या वतीने कोणी गर्जना करावी, अशी एक पोकळी निर्माण झाली होती. ती भरून काढली ओल्त्रामारने.

त्याचा जन्म १७ एप्रिल १८९६ चा, जिनिव्हातीलच. ओल्त्रामार हे तेथले जुने, विद्याव्यासंगी घराणे. याच घराण्यातील प्राध्यापक पॉल ओल्त्रामार यांनी भारतीय तत्त्वचिंतनाच्या इतिहासावर विद्वन्मान्य ग्रंथ लिहिले; ब्राह्मणी परंपरेवरील पहिला खंड १९०६ चा आणि बौद्ध परंपरेवरील दुसरा १९२३ चा. आणि याच घराण्यातील आंद्रे ओल्त्रामार हे लॅटिनचे अध्यापक होते आणि समाजवादी पक्षाचे नामांकित पुढारीही. एकाच आडनावाची माणसे किती भिन्न वाटांनी जातात पाहा.

जॉर्ज कायदा शिकला. पण त्याचे मन रमले रंगभूमीत आणि लेखणीत. नाटके लिहिली, लोकांनी त्यांचे कौतुक केले. मित्र त्याला 'जेओ' म्हणत, पुढे सारे शहरच म्हणू लागले. देखणा चेहरा, खणखणीत आवाज, हजरजबाबीपणा आणि समोरच्याची नक्कल करण्याची हातोटी, असा हा माणूस. १९२३ साली त्याने 'ल पिलोरी' नावाचे उपहासपत्र काढले. पिलोरी म्हणजे खोडा. मध्ययुगात गुन्हेगाराची मान आणि हात लाकडी चौकटीत अडकवून त्याला भर चव्हाट्यावर उभा करीत आणि येणाराजाणारा त्याच्यावर शेण-चिखल फेकी. पत्राचे नावच सांगत होते की येथे काय चालणार. वाचक हसायला येत होता, आणि त्याला हसवण्यासाठी दर अंकात नवा माणूस खोड्यात अडकवला जात होता.

आमच्या व्यवसायातील एक सत्य सांगतो. उपहास हे निकोप शस्त्र आहे, जोवर त्याचा रोख कृतीवर असतो तोवर. बुडवलेल्या ठेवींवर लिहा, लाचेवर लिहा, पुढाऱ्याच्या ढोंगावर लिहा. पण ज्या दिवशी लेखणी माणसाच्या नाकावर, आडनावावर, त्याच्या जन्मस्थानावर घसरते, त्या दिवसापासून संपादकाला पुरावा लागेनासा होतो. वाचकालाही लागत नाही. 'ल पिलोरी'चे नेमके हेच झाले. ज्यू आणि फ्रीमेसन हे त्याचे ठरलेले बळी बनले.

आपल्याकडच्या वाचकाला हा ज्यूद्वेष मुद्दाम समजावून घ्यावा लागतो. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायली आपल्या गावगाड्यात सामावून गेले. युरोपात तसे घडले नाही. तेथे बँक बुडाली तरी ज्यू जबाबदार आणि कामगारांनी संप केला तरी ज्यूच जबाबदार. या दोन आरोपांत मेळ बसत नाही, हे द्वेष करणाऱ्याच्या गावीही नसते.

ओल्त्रामारला हवा तसा बळी मिळाला. त्याचे नाव जाक डिकेर. बेसाराबियातील खोतिन गावी जन्मलेला हा ज्यू तरुण रशियन साम्राज्यातून निर्वासित म्हणून आला, जिनिव्हात वकील झाला, रीतसर स्विस नागरिक झाला आणि समाजवादी पक्षातर्फे संघराज्याच्या संसदेत निवडून गेला. म्हणजे कायद्याने तो ओल्त्रामारइतकाच स्विस होता. परंतु 'ल पिलोरी'च्या लेखी तो कायमचा परका. निकोल आणि डिकेर ही जोडनावे त्या पत्राने अशी काही रूढ केली की एक क्रांतीचा बागुलबुवा आणि दुसरा परकीयाचा.

१९३० मध्ये ओल्त्रामारने स्वतःचा राजकीय गट काढला आणि १९३२ मध्ये व्यापारी-उद्योजकांच्या एका संघटनेशी हातमिळवणी करून 'युनियन नासिओनाल', म्हणजे 'राष्ट्रीय एकजूट', हा पक्ष उभा केला. करड्या रंगाचे सदरे, डोक्यावर बास्क टोपी, हात उंचावून प्रणाम, शिस्तबद्ध संचलने. स्फूर्तिस्थान कोणते हे सांगावयास नको. त्या काळी रोमला जाऊन मुसोलिनीला भेटणाऱ्यांची रीघच लागली होती. आपल्याकडचे नागपूरचे डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये त्याला भेटले, जिनिव्हाहून परतताना डिसेंबरमध्ये गांधीजीही भेटले. तेव्हा रोमची भुरळ पडणे ही एकट्या ओल्त्रामारची गोष्ट नव्हती. पण त्याला नुसती भुरळ पडली नाही. नटाला भूमिका मिळावी तशी त्याला मुसोलिनीची भूमिका मिळाली आणि तो ती जिनिव्हाच्या रंगमंचावर करू लागला. विरोधक त्याला 'छोटा ड्यूचे' म्हणून हिणवीत. त्याला त्यात हिणवणे दिसत नसावे.

आता ९ नोव्हेंबर १९३२ या दिवसाकडे येतो. मित्रहो, या दिवसाविषयी मी थोडे सविस्तर बोलणार आहे, कारण ओल्त्रामारच्या साऱ्या चरित्राचा भार या एका संध्याकाळवर आहे.

'युनियन नासिओनाल'ने प्लँपाले या उपनगराच्या सार्वजनिक सभागृहात सभा जाहीर केली. सभेचा विषय होता, निकोल आणि डिकेर यांच्यावर जाहीर दोषारोपपत्र. म्हणजे छापील खोड्यातले दोन बळी आता प्रत्यक्ष सभेत उभे करावयाचे होते, त्यांच्या अनुपस्थितीत. न्यायासन ओल्त्रामारचे, फिर्यादी ओल्त्रामार, टाळ्या वाजवणारे पंचही त्याचेच. समाजवाद्यांनी सभेवर बंदी घालण्याची मागणी केली. शासनाने ती फेटाळली. मग निकोलने आपल्या दैनिकातून कामगारांना रस्त्यावर उतरून सभा उधळण्याचे आवाहन केले. त्यालाही आग हवीच होती, हे नमूद केले पाहिजे.

आपले पोलीस अपुरे पडतील या भयाने जिनिव्हाच्या शासनाने सैन्य मागवले. पाठवण्यात कोण आले? लोझानच्या प्रशिक्षण छावणीतील नवशिके रंगरूट. स्वित्झर्लंडमध्ये सक्तीची लष्करी सेवा आहे. ही विशीच्या आसपासची शेतकऱ्यांची, कारागिरांची मुले. त्यांचे प्रशिक्षण सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. जमाव कसा आवरावा हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. त्यांच्या हाती भरलेल्या बंदुका मात्र दिल्या गेल्या. त्यांच्यापैकी काहींनी नागरिकांविरुद्ध जाण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली.

रात्री आत सभा चालू होती, बाहेर जमाव दाटला होता. सुमारे शंभर रंगरूटांची एक तुकडी गर्दीतून पुढे पाठवण्यात आली. गर्दीने त्यांना घेरले, काहींच्या बंदुका हिसकावून मोडल्या, ही कोवळी पोरे प्रदर्शनगृहाच्या भिंतीपर्यंत रेटली गेली. इशाऱ्याचा कर्णा वाजला; गोंगाटात तो किती जणांना कळला असेल देव जाणे. साडेनऊच्या सुमारास गोळीबाराची आज्ञा झाली. काही सेकंदांचाच प्रकार. तेरा माणसे मरण पावली, साठाहून अधिक जखमी झाली. मृतांमध्ये स्थानिक कम्युनिस्ट पक्षाचा अध्यक्ष आन्री फ्यूर्स्ट होता खरा, पण पुष्कळसे लोक नुसते काय चालले आहे हे पाहायला आलेले बघे होते. निकोल आणि डिकेर या दोघांनाही इजा झाली नाही. ओल्त्रामारलाही नाही.

निःशस्त्रीकरण परिषदेच्या गावात, परिषदेच्याच वर्षी, राष्ट्राच्या सैन्याने राष्ट्राच्या नागरिकांवर गोळ्या झाडल्या. स्विस सैन्याने नागरिकांवर केलेला तो अखेरचा गोळीबार. प्लँपालेच्या मैदानावर १९८२ साली, पन्नास वर्षांनंतर, स्मरणशिला उभी राहिली. तिच्यावर फ्रेंचमध्ये तीन शब्द आहेत. त्यांचा अर्थ, पुन्हा असे कदापि नको.

खटला कोणावर झाला? गोळीबाराची आज्ञा देणाऱ्यांवर नाही. ज्याने सभा बोलावली त्याच्यावर नाही. निकोल आणि त्याच्या साथीदारांवर झाला, आणि १९३३ मध्ये निकोलला सहा महिन्यांची कैद झाली. याचा परिणाम काय झाला, हे जाहीर दोषारोपांचे राजकारण करणाऱ्यांनी पाहण्याजोगे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाच्या मतदारांनी समाजवाद्यांना शासनात बहुमत दिले. सातांपैकी चार जागा. कारागृहातून आलेला निकोल शासनप्रमुख झाला. स्वित्झर्लंडच्या कोणत्याही प्रांतात समाजवाद्यांचे बहुमत येण्याची ही पहिलीच वेळ. ज्या माणसाला खोड्यात अडकवण्यासाठी ओल्त्रामारने रान उठवले, त्यालाच त्याने सिंहासनावर बसवून दिले.

निकोलचे राज्य फार चालले नाही. बँका त्याला कर्ज देईनात, तिजोरी रिकामी. १९३६ मध्ये उजव्या पक्षांनी आघाडी करून त्याला पाडले, आणि त्या आघाडीत ओल्त्रामारचा पक्षही होता. येथे मला सभ्य पक्षांची वर्तणूक अधिक खटकते. करडा सदरा घालणाऱ्यांच्या हातात हात घालण्यास त्यांना संकोच वाटला नाही. मते हवी होती. सत्ता आल्यावर मात्र मंत्रिपदे त्यांनी आपसांत वाटून घेतली आणि ओल्त्रामारला बाहेरच ठेवले. तो प्रांतिक विधिमंडळाच्या सभासदत्वापलीकडे कधी गेला नाही.

साऱ्या देशातच या मंडळींची वाट अशीच खुंटली होती. १९३३ च्या वसंतात जर्मन भाषक भागात 'फ्रंट' नावाच्या अनेक संघटना पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. व्हो प्रांतातील कर्नल आर्थर फोंजालाझ या निवृत्त सेनाधिकाऱ्याने मुसोलिनीची भेट घेऊन 'स्विस फॅसिस्ट संघ' काढला आणि त्यासाठी रोमहून पैसा घेतला. राष्ट्राभिमानाची पताका आणि परक्याची थैली! याच कर्नलने फ्रीमेसन मंडळांवर बंदी घालण्यासाठी जनमताची मागणी नोंदवली. स्वित्झर्लंडची व्यवस्था अशी की, त्या काळी पन्नास हजार नागरिकांच्या सह्या जमल्या की घटनादुरुस्तीचा प्रश्न थेट जनतेपुढे मतदानाला जात असे. सह्या जमल्या. २८ नोव्हेंबर १९३७ रोजी मतदान झाले. सुमारे ६९ टक्के मते विरोधात पडली; एकटा फ्रिबूर प्रांत अनुकूल राहिला. फोंजालाझ पुढे जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपाखाली १९४१ मध्ये तीन वर्षांच्या शिक्षेस पात्र ठरला.

स्विस लोकांचे हे शहाणपण मान्य करूनही एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. मतपेटीत हरलेला विचार कचेऱ्यांतून शिरकाव करतो. १९३८ साली जर्मनीतील ज्यूंच्या पारपत्रांवर 'जे' अक्षराचा शिक्का मारला जाऊ लागला, तो स्विस अधिकाऱ्यांनी जर्मनांशी केलेल्या वाटाघाटींनंतर. हे अधिकारी करडे सदरे घालणारे नव्हते; फाइली सांभाळणारे सभ्य गृहस्थ होते. युद्धकाळात सीमेवर आलेल्या हजारो ज्यू निर्वासितांना परत पाठवले गेले. १९९५ साली राष्ट्राध्यक्ष कास्पर व्हिलिगर यांनी याबद्दल देशाच्या वतीने क्षमा मागितली. ओल्त्रामारच्या पत्राला मते मिळाली नसतील. पण सतरा वर्षे 'ज्यू म्हणजे परका' हे हसत हसत ऐकणाऱ्या समाजात असा शिक्का कोणाला फारसा टोचला नाही, याचा विचार मी पत्रकार म्हणून करतो.

१९४० मध्ये 'ल पिलोरी' बंद पडले. पक्ष विझत चालला होता. जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि थोड्याच दिवसांत आपला हा जाज्वल्य स्विस राष्ट्रवादी तेथे दाखल झाला. जर्मन वकिलातीच्या आशीर्वादाने निघालेल्या 'ला फ्रांस ओ त्राव्हाय' या दैनिकाचा तो संपादक बनला, आणि तेही स्वतःच्या नावाने नव्हे. शार्ल द्योदोने हे टोपणनाव त्याने घेतले. पुढे जर्मनांच्या ताब्यातील 'रेडिओ पारी' या नभोवाणी केंद्रावरून तो बोलू लागला. त्याच्या एका कार्यक्रमाचे शीर्षक होते, 'एक तटस्थ माणूस तुमच्याशी बोलत आहे'.

जरा थांबून या शीर्षकाकडे पाहा. तटस्थता हे स्विस राष्ट्राचे शतकाहून अधिक काळ जपलेले व्रत, त्याच्या परराष्ट्रनीतीचा कणा. ते व्रत या माणसाने एका व्यापलेल्या देशाच्या राजधानीत, व्यापणाऱ्याच्या ध्वनिक्षेपकापुढे, पगारावर विकायला काढले. डिकेरच्या जन्मगावावरून ज्याने त्याला परका ठरवले, तो आता परक्या शहरात, परक्या नावाने, तिसऱ्याच देशाच्या सेवेत होता. डिकेर मात्र १९४२ मध्ये मरेपर्यंत जिनिव्हाचाच राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रेंच पोलिसांनी दोन दिवसांत पॅरिस परिसरातून सुमारे तेरा हजार ज्यू पकडले. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. बहुतेकांची रवानगी आउश्वित्झला झाली. जिनिव्हातील उपहास ज्या दिशेने बोट दाखवत होता, ती वाट येथे येऊन पोचली होती, आणि ओल्त्रामार तेव्हाही त्याच शहरातून ज्यूंविरुद्ध बोलत होता.

निकोलचे पुढे काय झाले असे कोणी विचारील, म्हणून सांगतो. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टॅलिनने हिटलरशी करार केला. निकोलने त्या कराराची पाठराखण केली आणि समाजवादी पक्षाने त्याला काढून टाकले. एकाने रोमकडे आणि मग बर्लिनकडे पाहून राष्ट्र समजून घेतले, दुसऱ्याने मॉस्कोकडे पाहून कामगार समजून घेतला. प्लँपालेत मेलेली तेरा माणसे यांपैकी कोणत्याच राजधानीची नव्हती.

१९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले. जर्मनांचे फ्रेंच हस्तक पळून दक्षिण जर्मनीतील झिग्मारिंगेनच्या किल्ल्यात गोळा झाले, ओल्त्रामारही तेथे गेला. १९४५ मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये परतला आणि पकडला गेला. १९४७ साली संघराज्याच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद सुनावली. १९५० मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्याच्या अनुपस्थितीत मृत्युदंड ठोठावला. तो अमलात आला नाही, कारण तो फ्रान्सच्या हाती लागलाच नाही.

अनुपस्थितीत खटला चालवण्याची त्याची हौस १९३२ मध्ये आपण पाहिली. त्याच्यावरच्या या खटल्यात मात्र न्यायाधीश खरे होते आणि पुरावा त्याच्याच आवाजाचा होता.

१९५६ मध्ये त्याने आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ असा, की आठवणी आमचा सूड घेतात. हे वाक्य त्याने स्वतःच्या बाजूने लिहिले होते. १६ ऑगस्ट १९६० रोजी जिनिव्हातच तो मरण पावला.